नेपाळ म्हणजे माहूर नव्हे!



परीक्षेचं टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागलं की आपल्या हॉस्टेलात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग, आणि दुसरी म्हणजे रात्री गच्चीवर भरणारी "पेपर झाल्यावर कुठं जायचं" ही सभा. गोव्याचं नाव काढलं की घरचे सोडत नाहीत. मनालीला जाऊन आलेल्या सीनियर लोकांनी फोटो दाखवून दाखवून आधीच जीव नको केलेला असतो. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, "नेपाळला जाऊ ना बे! पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. फॉरेनचं फॉरेन, अन् खर्च माहूरच्या ट्रिपएवढा!"

२०२४ च्या दिवाळीआधी हे वाक्य मीच बोललो होतो. म्हणूनच आज लिहायला बसलोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचं नाही त्यांनी खुशाल चारोळ्यांच्या पानावर जावं. आपल्या पोरांनी नेपाळला जरूर जावं. पण तो दुसरा देश आहे, आणि तिथले डोंगर आपल्या ओळखीचे नाहीत, हे मनात ठेवून जावं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत जे झालं त्यानंतर आपल्याकडं "कुणी नेपाळला जायचं नाही" अशी जी भाषा सुरू झाली, ती मला पटत नाही. का पटत नाही ते पुढं येईल.

आता कागदांचं बघू. पासपोर्ट लागत नाही हे खरं. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० ला मैत्रीचा करार झाला, त्यामुळं दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात ये-जा करता येते, राहता येतं, कामधंदा करता येतो. पण पासपोर्ट लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नव्हे. विमानानं जायचं तर भारतीय माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र, या दोनांपैकी एक लागतंच. आधार कार्ड चालतं ते पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना आणि पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांना. आपण सगळे नेमके मधले! कॉलेजचं आयकार्ड, लायसन्स, पॅन कार्ड ही त्या कामाची नाहीत. सोनौलीच्या नाक्यावरून पायी जाताना पुष्कळदा कुणी काही विचारत नाही आणि पोरांना वाटतं, जमलं! पण पुढं सिमकार्ड घ्यायचं असलं, लॉजच्या वहीत नाव लिहायचं असलं, किंवा ऐनवेळी विमानानं परतायचं ठरलं की तिथं अडतं. आमच्या पाचांत दोघांकडं मतदार कार्ड नव्हतं. वय एकवीस! त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, नांदेडला लोकसभेची पोटनिवडणूकही होती, नावनोंदणीची माणसं कॉलेजात येऊन बसली होती, आणि हे दोघे त्यांच्यापुढून कँटीनला गेले होते. कार्डाचा अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात. कार्ड घरी यायला मात्र वेळ लागतो, तेव्हा ट्रिप ठरल्यावर नाही, आजच भरा.

पैशाचं दुखणं याहून मोठं. भारतीय रुपया तिथं चालतो आणि भाव ठरलेला आहे. १९९३ पासून आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ. हिशेब तोंडी करता येतो. पण नोटबंदीनंतर तिथं गोंधळ झाला आणि २०१८ च्या डिसेंबरात नेपाळनं आपल्या शंभराच्या वरच्या नोटा बंदच केल्या. २०२५ च्या अखेरीस आपल्या रिझर्व्ह बँकेनं नियम सैल केला आणि शंभराच्या वरच्या नोटा पंचवीस हजारांपर्यंत न्यायला मुभा दिली. तरी मी उद्या गेलो तर शंभराच्याच नेईन, आणि नाक्यापलीकडं पोचताच निम्म्या बदलून घेईन. नियम दिल्लीत किंवा काठमांडूत बदलतो, डोंगरातल्या चहावाल्यापर्यंत तो कधी पोचेल याचा भरवसा नसतो. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपे नावाच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालायला लागलंय. नाव ऐकून घोटाळा करू नका, त्यांची फोनपे ही कंपनी वेगळी आणि आपली वेगळी. पोखऱ्याच्या दुकानांत त्याचा उपयोग होतो. मात्र रात्री अकरा वाजता, लाइट गेलेल्या गावात, तीन हजार सातशे मीटर उंचीवर काय उपयोग होतो ते आता सांगतोच.

त्याआधी जायचं कसं. नांदेडहून सरळ गाडी शोधत बसू नका. देवगिरी नाहीतर तपोवननं मनमाड गाठायचं, तिथून मुंबईहून येणारी कुशीनगर किंवा काशी एक्स्प्रेस पकडून गोरखपूर. लातूरकरांनी परभणीला येऊन आम्हाला मिळावं. गोरखपूरहून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत, तिथं बस आणि जीप भरपूर. हे लिहायला सोपं आहे. पण आम्ही लक्ष्मीपूजन करून निघालो आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. अख्खी मुंबई-पुणे त्या गाडीतून बिहार-यूपीला चाललेली! आमची दोनच तिकिटं कन्फर्म होती. मी मनमाड ते भोपाळ संडासाच्या दारापाशी एका पायावर गेलोय, म्हणजे अगदी शब्दशः. आता रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा, आणि छठची तारीख कॅलेंडरात बघून घ्या.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचा एक वर्ग हल्ली वाढलाय. त्यांच्यासाठी एवढंच, की नाक्यावर "भन्सार" नावाची पावती फाडावी लागते. भन्सार म्हणजे जकात. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची घ्या, एक दिवस कमी घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका. बुलेट घेऊन जाणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, ते ऐकत नाहीत.

रस्त्यांबद्दल मात्र थांबून बोलायला पाहिजे. सोनौली ते पोखरा अंतर बघितलं तर पावणेदोनशे किलोमीटर. आपण म्हणतो, नांदेडहून लातूरला जाऊन थोडं पुढं. पण तेवढ्याला आठ-नऊ तास लागतात, कारण सगळा रस्ता डोंगराच्या कुशीतून, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. २०२४ चं वर्ष आठवा. १२ जुलैच्या पहाटे चितवन जिल्ह्यात सिमलताल इथं दरड आली आणि दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला जाणारी यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ भागातली होती. वरणगावची माणसं म्हणजे आपल्यासारखीच. मंडळी जमवून, बस ठरवून, अयोध्या-काशी करत पशुपतिनाथाला निघालेली. त्याच सप्टेंबरच्या शेवटी काठमांडूच्या आसपास असा पाऊस झाला की दोनशेहून जास्त लोक दगावले.

या तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या आहेत हे बघा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत तिकडं जायचं नाही, मग श्रावण सोमवार असो नाहीतर ऑफर असो. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत चांगला, आकाश धुतल्यासारखं असतं. त्यातही दशैं म्हणजे त्यांचा दसरा, तेव्हा सगळा देश आपापल्या गावी निघतो आणि बसमध्ये जागा मिळत नाही. मे महिन्यात जाता येतं, पण धुरकट हवेत डोंगर दिसतीलच असं नाही. रात्रीची बस घ्यायची नाही. लॉजचे दोनशे रुपये वाचवायला आपण रात्रीचा प्रवास करतो ही आपली जुनी खोड आहे. ती इथं ठेवून जायची.

आता मुक्तिनाथ.

पोखरा साधारण आठशे मीटरवर आहे. मुक्तिनाथ तीन हजार सातशेच्या वर. आमच्या जीपवाल्यानं पहाटे साडेचारला उचललं आणि बेनी, तातोपानी, जोमसोम करत दुपारी चारला वर नेऊन ठेवलं. एका दिवसात जवळजवळ तीन हजार मीटर! नांदेडची उंची साडेतीनशे-पावणेचारशे मीटर असेल. कळसूबाई, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. मुक्तिनाथ त्याच्या दुपटीच्या वर, आणि आम्ही तिथं पायाला ताण न देता बसून गेलो. त्यातच गोची आहे. चालत गेलो असतो तर चार-पाच दिवस लागले असते आणि तेवढ्यात शरीर सरावलं असतं.

मंदिराच्या मागं भिंतीला एकशेआठ धारा आहेत. पाणी बर्फाचं. आमच्या एका मित्रानं (तो मेकॅनिकलचा, आखाड्यातला गडी, आमच्यात सगळ्यांत तगडा) सगळ्या एकशेआठ धारांखालून पळत अंघोळ केली आणि वर "अजून एक राउंड" म्हणाला. सात वाजता त्याचं डोकं दुखायला लागलं. आम्ही म्हणालो, थंडी बाधली. चहा दिला, क्रोसिन दिली. नऊला उलटी झाली. आम्ही म्हणालो, जीपमध्ये घाट लागला असेल. अकराला तो लघवीला उठला आणि सरळ चालता येईना. दारू प्यायलेल्या माणसासारखा भिंतीला धरून चालत होता, आणि हा गडी सुपारीसुद्धा खात नाही.

मी तेव्हाही म्हणालो, "झोपू दे, सकाळी बघू." हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलणार नाही.

लॉज चालवणारी बाई, तिला तिथं सगळे दिदी म्हणत, आवाजानं उठून आली. तिनं त्याला एका सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं, आणि तो चालू शकला नाही तेव्हा एकच सांगितलं, "तल जानुस्. अहिले." खाली जा, आत्ता. सकाळी नाही. तिनंच जीपवाल्याला उठवलं. त्यानं ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागितले नाहीत, फक्त रोख मागितले. माझ्या पाकिटात पाचशेच्या सोळा नोटा होत्या आणि तेव्हाच्या नियमानं त्या तिथं नुसता कागद होत्या. त्यानं घेतल्या नाहीत, बरोबरच केलं. क्यूआर चालेना, रेंज नव्हती. पाचही जणांचे खिसे उलटे करून शंभराच्या नोटा गोळा केल्या, कमी पडल्या त्या दिदीनं घातल्या. कोण कुठली बाई! ते पैसे आम्ही पोखऱ्याहून परत पाठवले, पण ती ते मागणारच नव्हती असं मला आजही वाटतं.

तासाभरात जोमसोमला, म्हणजे हजार मीटर खाली, आलो. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. पहाटेपर्यंत त्याला बोलता यायला लागलं. उजाडल्यावर आणखी खाली तातोपानीला आणलं, ते बाराशे मीटरवर. तिथं दुपारी त्यानं दोन ताटं डाळभात खाल्ला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

हे काय होतं ते आपल्याला कळायला हरकत नाही, इंजिनिअर आहोत. उंचावर हवेत ऑक्सिजन एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाबच उतरलेला असतो. मुक्तिनाथला तो समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे प्रत्येक श्वासाला एक तृतीयांश माल कमी. शरीर हळूहळू जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. नाही दिले तर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. आणि तरीही वरच थांबलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठायला लागतं. चालताना तोल जाणं ही मेंदूची खूण, बसल्या जागी दम लागणं ही फुप्फुसाची. यातलं काहीही दिसलं तर औषध एकच, खाली उतरायचं. तालीम केलेल्याला हे होत नाही असं समजू नका. आमच्यातला जो सिगारेट ओढतो, जिना चढताना दम लागतो, तो त्या रात्री ठणठणीत होता!

म्हणून मुक्तिनाथला जायचं तर असं करा. पहिल्या दिवशी पोखऱ्याहून निघून तातोपानी नाहीतर कालोपानीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जोमसोम किंवा त्याच्या अलीकडचं मार्फा, सफरचंदाचं गाव आहे, मस्त आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन दर्शन, आणि झोपायला परत जोमसोमला. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा सगळीकडं मान्य असलेला नियम आहे. डायमॉक्स नावाची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि आजीआजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे दुपटीनं पाळा, कारण एकशेआठ धारांखाली डोकं घालायचा हट्ट त्यांचाच जास्त असतो. जोमसोमला पोखऱ्याहून छोटी विमानंही जातात, सकाळचीच, कारण दुपारी त्या खोऱ्यात वारं सुटतं. मे २०२२ मध्ये त्याच मार्गावर विमान पडून २२ जण गेले, त्यात ठाण्याचे चौघे होते. मी जीपनंच जाईन. ज्याचं त्यानं ठरवावं.

जोमसोमला मात्र ऑक्सिजनपेक्षा अवघड काम एक होतं. रात्री एक वाजता त्याच्या वडिलांना फोन करायचा. मुखेडकडचं गाव. घरी त्यानं सांगितलं होतं, "हैदराबादला इंडस्ट्रियल व्हिजिट आहे, सर सोबत आहेत." कंपल्सरी म्हणून पैसेही घेतले होते. फोन मी केला. मी सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "नेपाळ म्हणजे... हैदराबादच्या पुढं का बाबा?"

मला त्या माणसाला उत्तर देता आलं नाही.

आता मूळ मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधली तरुण पोरं रस्त्यावर आली. ८ तारखेला गोळीबार झाला, ९ ला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संसदेची इमारत जळाली, काठमांडूचा विमानतळ बंद पडला. महाराष्ट्रातले पर्यटकही अडकले होते. इथं टीव्हीवर ते बघून आपल्या वडीलधाऱ्यांचा जीव टांगणीला लागला हे मी समजू शकतो. मेसमध्ये एक सर म्हणाले, "हॉस्टेलच्या पोरांनी नेपाळला जायचंच नाही असा नियम करा." सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, असा नियम आमच्या वेळी नव्हता तरी आमचा मित्र घरी खोटं बोलून आला. नियम केला तर पाचही जण खोटं बोलून जातील, एवढाच फरक. मग मुखेडला फोन करणारासुद्धा कुणी राहणार नाही.

त्यापेक्षा रेक्टर सरांच्या ऑफिसात एक वही ठेवा. जाणाऱ्यानं त्यात लिहायचं, कुठं, किती दिवस, सोबत कोण, घरचा नंबर, रक्तगट. कॉलेजनं सहीशिक्क्याचं एक पत्र द्यायचं. जाणाऱ्यानं घरी खरं सांगायचं, आणि घरच्यांनी "नाही" म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. काठमांडूत आपला दूतावास लैनचौर भागात आहे, तो पत्ता आणि त्यांचे फोन निघायच्या आधी त्यांच्या साइटवरून उतरवून घ्यायचे. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११४४ आहे. गडबड सुरू झाली तर बघायला जायचं नाही, लॉजवर थांबायचं, दोन दिवसांचं खाणं-पाणी आणि रोकड जवळ ठेवायची. आपण तिकडं पाहुणे आहोत, त्यांच्या भांडणात रील काढायला गेलेलो नाही.

पाहुण्यावरून आठवलं. आपल्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत एक गुरखा फिरतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागायला येतो. आपण त्याला "बहादूर" म्हणतो. मीही म्हणायचो. नेपाळहून आल्यावर एका रात्री मी त्याला विचारलं, दाइ, तुमचं गाव कुठलं? तो एकदम थांबला. अछाम, म्हणाला, पार पश्चिमेकडचा जिल्हा. बावीस वर्षं इकडं आहे. गावी जायला त्याला आपल्या मुक्तिनाथापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तोही ज्या कराराच्या जोरावर आपण फुकट फिरून येतो त्याच कराराच्या जोरावर इथं राबतोय. बावीस वर्षांत नाव कुणी विचारलं, असं मी म्हणालो तर हसला. नाव सांगितलं मला. बहादूर त्यात कुठंच नव्हतं.

तिकडं गेल्यावर पुरुषाला दाइ, बाईला दिदी, आणि "तपाईं" म्हणजे आपण "तुम्ही" म्हणतो तसं. "ए बहादूर, एक चाय ला" असं ओरडणारे आपलेच लोक मी पोखऱ्यात बघितले, मराठीच होते. लाज वाटली राव.

मी सिव्हिलचा, त्यामुळं भक्तपूरला देवळांपेक्षा भिंतीच जास्त बघितल्या. माझी आई औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. नेपाळचा मोठा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, दुपारी ११ वाजून ५६ मिनिटांनी. त्यांचा ७.८, आपला ६.२. स्केलच्या हिशेबानं त्यांच्या भूकंपाची ऊर्जा आपल्या अडीचशे पट होती. तरी माणसं तिकडंही नऊ हजारांच्या आसपास गेली आणि आपल्याकडंही तितकीच, किंबहुना जास्तच. कारण आपल्याकडं पहाट होती आणि वर मातीचं जड माळवद होतं, तिकडं भर दिवस होता आणि शनिवार असल्यानं शाळा बंद होत्या. भिंती मात्र दोन्हीकडं त्याच, मातीत बसवलेल्या दगडाच्या. आणि किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती! तो झोनच पुढं २००२ मध्ये काढून टाकावा लागला. भक्तपुरात एका म्हाताऱ्या बाबांना मी मोडक्या हिंदीत सांगितलं की माझी आई भूकंपातून वाचलेली आहे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दही आणून दिलं. तिथलं मातीच्या भांड्यातलं दही प्रसिद्ध आहे. पैसे घेतले नाहीत.

लॉज घेताना खोली कितव्या मजल्यावर, जिना कुठं, आणि दार आतून बाहेरून कुठं उघडतं एवढं बघून घ्या. ही सवय मला आईनं लावली, त्यात काही विशेष नाही.

लुंबिनीबद्दल आपल्याकडं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सोनौली ओलांडली की लुंबिनी पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. आपली पोरं तिच्या शेजारून पोखऱ्याला पळतात. मायादेवी मंदिर, आणि बुद्ध इथं जन्मले असं ज्यावर कोरलंय तो अशोकाचा स्तंभ. आमच्यातल्या दोघांनी तिथं एक दिवस थांबायचा आग्रह धरला आणि बाकीचे कुरकुरले. आता तेच कुरकुरणारे त्या दिवसाबद्दल सगळ्यांत जास्त बोलतात. नोव्हेंबर १९५६ मध्ये, शेवटच्या आजारपणात, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि तिथं बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले होते. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी ते गेले. तेव्हा ही वाट आपल्या लोकांनी आधीच चाललेली आहे.

बारीकसारीक राहिलं ते घाईत सांगतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. मोबाईल आपोआप बदलतो, हातातलं बदलत नाही, एक बस आमची त्यातच गेली. नाक्यावरच एनटीसी नाहीतर एनसेलचं सिम घ्या, फोटो सोबत ठेवा. अन्नपूर्णा भागात जायला परमिट लागतं, आपल्याला सार्क देशवाले म्हणून हजार नेपाळी रुपये, बाकी परदेशी लोकांना तीन हजार. जेवण म्हणजे डाळ, भात, तरकारी, वाढून वाढून घालतात. ज्वारीची भाकरी विसरा, ठेचा घरून न्या, दिदी लोकांनासुद्धा आवडतो. मोमोच्या पाटीवर "बफ" लिहिलं असेल तर ते म्हशीचं, चालत असेल त्यानं खावं. आणि नरकचतुर्दशीला तिथं कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात, तो दिवस मिळाला तर सोडू नका. आपल्या हॉस्टेलच्या काळ्या कुत्र्याला मी परवा बिस्कीट दिलं तर त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं.

मेकॅनिकलवाला या मेमध्ये पुन्हा जायलाय. या वेळी त्याचे वडीलही सोबत आहेत. त्यांचं मतदार कार्ड आहेच, याचंही आलंय. मार्फाला दोन मुक्काम करायचे असं त्यांनीच ठरवलंय, आणि शंभराच्या नोटा जमवायचं काम माझ्याकडं दिलंय. ज्यांच्याकडं सुट्ट्या असतील त्यांनी रूम नंबर विचारून यावं.

— अंतिम वर्ष, स्थापत्य